परसूची तीन गिअरची सायकल

शहापूरच्या मष्णूला कुणी विचारलं असतं की बाबा, तुझं या जगात वाईट काय चाललंय, तर त्याला धड सांगता आलं नसतं. सायकलदुरुस्तीचं दुकान बरं चाललं होतं. दुकानामागेच घर होतं, बायको मनुबाई कष्टाळू होती, दोन वर्षांची पोरगी गुटगुटीत होती. पण त्याच्या मेव्हण्याकडे तीन गिअरची सायकल होती, आणि तेवढ्या एका गोष्टीपायी मष्णूला अन्न गोड लागत नव्हतं.

ती सायकल मुळात आपलीच, असं मष्णूचं म्हणणं. म्हणजे उघड कुणाला म्हणाला नव्हता, मनातल्या मनात रोज म्हणायचा. कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबानं ती विलायतेहून आणली होती. बेळगावात तेव्हा सायकली चिक्कार होत्या, पण गिअरची सायकल मष्णूनं तेवढी एकच बघितली होती. हँडलाच्या उजव्या मुठीजवळ एक लहानसा खटका होता. खटका एका टोकाला ओढला की चढावर पाय हलके व्हायचे, मध्ये ठेवला की सपाटीचं काम, आणि पार सोडून दिला की वारं पाठीशी असल्यासारखी सायकल पळायची. खटक्यापासून एक बारीक तार निघून कप्पीवरून मागच्या चाकाकडे जायची, आणि चाकाच्या मधोमध नटाच्या भोकात एक उंदराच्या शेपटीएवढी साखळी आत शिरलेली असायची. सगळी करामत त्या साखळीची. ती आतबाहेर नीट सरकली तर गिअर मिळायचा. मध्येच अडली तर गिअर ना मधला ना तिसरा, नुसता अधांतरी, आणि मग पायडल मारावं तर हवेत लाथ मारल्यासारखं व्हायचं.

कॅम्पातले कारागीर त्या खटक्याला हात लावायला भ्यायचे. मष्णूनं तो एकदा खोलला, पुसला, मशिनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, बोटानं तार छेडून बघत बघत ताण बसवला, आणि खटका पहिल्यासारखा टिक् वाजला. तेव्हापासून महिन्याकाठी साहेबाचा बटलर सायकल घेऊन शहापुरात हजर. काम झालं की मष्णू ती तपासायला म्हणून येळ्ळूरच्या रस्त्यानं थेट गडाच्या चढापर्यंत मारून आणायचा. तपासायला एवढं लांब जावं लागत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण चढ लागला की तो खटका ओढायचा, पाय हलके व्हायचे, आणि इतर वेळी पान्यानं नट पिळणारा हा माणूस तेवढ्यापुरता राजा व्हायचा.

मग लढाई पेटली आणि साहेबाची बदली निघाली. सामान विकायला काढणार अशी कुणकुण लागली तेव्हा मष्णूनं बटलरला चार वेळा सांगून ठेवलं. त्याच आठवड्यात त्याचा मामा कणकुंबीला वारला आणि दिवसकार्याला जाणं आलं. जायच्या आदल्या संध्याकाळी मेव्हण्याच्या हातमागाशी बसून चहा पिता पिता त्यानं त्या सायकलीचं गुणगान गायलं. कुणाच्या नशिबात असेल त्याला मिळेल, असं वर ऐटीत म्हणाला. नशीब आपलं, असं त्याला म्हणायचं होतं. पण हात दाखवून अवलक्षण करायची हौसच कुणाला असेल तर काय करणार!

मेव्हणा परशराम, घरचा परसू, साड्या विणणारा. मनुबाईचा धाकटा भाऊ, स्वभावानं गरीब गाय. लढाईमुळे पेट्रोल नाहीसं झालेलं, कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी घाटात श्वास लागल्यासारख्या उभ्या राहायच्या, आणि परसूला तर साड्यांचं गाठोडं घेऊन निपाणीच्या बाजाराला जावंच लागायचं. तो सरळ कॅम्पात गेला. मष्णू कणकुंबीहून परत आला त्या दिवशी दुकानासमोर घंटी वाजली, आणि बघतो तर परसू त्या सायकलीवरून उतरत होता.

"दाजी, तुमी लई नाव काढलंसा म्हून घेतली बघा," परसू म्हणाला. "तुमच्या हाताखालची गाडी घरातच ऱ्हायली."

मष्णू हसला. चहा पाजला. टायर दाबून बघितल्यासारखं केलं. आणि आतून असा जळाला की त्या रात्री मनुबाईनं वाढलेली आमटी खारट आहे म्हणून उगाच ताट सारलं. परसूनं लबाडी केली असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं, चार लोकांत बोलता आलं असतं. पण त्या भोळ्या माणसानं भांडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते खरंच, आणि ज्याचं जळत नाही त्याला इतकं कसं कळत नाही, याचाच मष्णूला अधिक राग.

त्यातून परसूला ती चालवता येत नव्हती. पायडलवर जोर असतानाच खटका ओढायचा, मग आतून कर्र असा आवाज यायचा. आपल्या हातानं वाढवलेल्या गाईला दुसऱ्यानं काठी घालावी तसं मष्णूला व्हायचं. चाकाच्या मधल्या हबात तेल कुठलं घालतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, डोक्याला लावायचं खोबऱ्याचं आहे की घरात. खोबरेलानं आत चिकटा धरतो, मशिनचंच तेल हवं. सांगायचं असतं तर एका वाक्यात सांगून झालं असतं. पण मष्णूनं सांगितलं नाही आणि त्या सायकलीला बोटसुद्धा लावलं नाही. परसूनं एकदोनदा खटका बघा म्हटलं तेव्हा लई काम हाय, मागनं बघू, असं म्हणून वाटेला लावला.

हात लावला नाही, पण बघायचं काही सोडलं नाही. बाजाराच्या दिवशी परसू दुकानावरून जायचा, आक्काला हाक मारायचा, आणि मष्णूची नजर त्याच्या तोंडाकडे नाही, गाठोड्याकडे नाही, थेट मागच्या चाकाच्या मधोमध जायची. ती बारकी साखळी आत सरकते की नाही, टिक् वाजतं की नाही. सायकल वळणाआड होईस्तोवर तो बघत राहायचा, आणि हातातलं पंक्चर तसंच राहायचं. मनुबाई उंबऱ्यात बसून सुपात जोंधळे निवडत असायची. ती काही बोलायची नाही. खडे मात्र बरोबर वेचून टाकायची.

एकदा तरी तो गिअर मोडावा, असं मष्णूच्या मनात यायचं. येऊ नये म्हणून तो मनाला दामटायचा, आणि तरी ते यायचंच.

आणि एक दिवस मोडला. निपाणीहून परतताना परसू वंटमुरीचा घाट पहिल्या गिअरवर चढून आला, वर सपाटी लागली म्हणून खटका पार सोडला, आणि उभं राहून पायडलवर भार टाकला. पाय मोकळाच फिरला. परसू हँडलावरून पुढे गेला, गुडघा फुटला, उरलेल्या साड्या धुळीत पडल्या. कुणाच्या तरी बैलगाडीतून माणूस आणि सायकल दोन्ही घरी आली.

ही बातमी ऐकल्याबरोबर मष्णूचं मन आनंदानं नाचलं. खोटं कशाला बोला, नाचलं. बरं झालं, असं त्याच्या ओठांवर येऊन थांबलं. मग त्यानं मनुबाईच्या तोंडाकडे बघितलं. ती त्याच्याचकडे बघत होती. तेव्हा तो आनंद जागच्या जागी गोठला आणि त्याच्या जागी भीती आली. माणसाच्या नजरेनं दगड फुटतो, असं त्याची आई म्हणायची. इथं तर उंदराच्या शेपटीएवढी साखळी. आपणच पाडला की काय परसूला?

भीती वाटली म्हणून माणूस सुधारतो असं मात्र नाही. सायकल दुकानात आली तेव्हा मष्णूनं ती कोपऱ्यात लावून वर पोतं टाकलं. परसू गुडघ्याला हळद बांधून घरी पडला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, दाजी बघतील, शहापुरात गिअरचं काम त्यांच्याशिवाय कुणाला येतंय? मष्णू त्याला भेटायला गेला, खाटेजवळ बसला, आणि पोतंही न उचलता त्यानं निदान सांगितलं. आतल्या चक्राचा दात तुटलाय म्हणाला. सामान विलायतेहून यायचं, लढाईत बोटी बुडतायत, मी कुठून आणू?

परसूनं गुडघ्यावरची हळद सारखी केली. मग म्हणाला, मला निपाणी चुकवून चालत नाही, तुम्ही साधं चाक बसवून द्या. आणि ते मोडकं चाक तुम्हाला कशाला उपयोगी पडत असेल तर तुम्हीच ठेवून घ्या.

झालं! मांजराच्या भाग्यानं शिंकं तुटलं. चोरी नाही, मागणं नाही, देणाऱ्यानं आपल्या तोंडानं दिलं. खोटं तेवढं एक बोललो, तेही अर्धवटच, असं मनाशी म्हणत मष्णू घरी आला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं आपली जुनी सायकल परसूच्या सायकलीशेजारी उलटी करून ठेवली. परसूचं गिअरचं चाक काढून आपल्या सायकलीत घालायचं, आपलं साधं त्याच्या. येळ्ळूरचा चढ त्याला आत्ताच दिसायला लागला होता.

त्यानं तार सोडवली, पाना लावला आणि नट ढिला केला. तेव्हा नटाच्या भोकाशी, साखळी आत शिरते तिथंच, काहीतरी काळं गच्च बसलेलं दिसलं. त्याला वाटलं धूळ आणि खोबरेलाचा चिकटा असेल. दाभणानं टोकरलं तर ते लांब निघालं. ओढत गेला तसं निघतच गेलं. तेलानं माखलेला दोरा होता. साखळीला दोन वेढे घालून बांधलेला असणार, मग खटका ओढता सोडता थोडा थोडा सरकत भोकात जाऊन बोळा होऊन बसला होता. साखळी बाहेर निघायची, पण पुरती आत जात नव्हती. पहिला गिअर मिळायचा आणि तिसरा मिळायचा नाही, तो एवढ्यासाठी. दोरा निघाल्यावर मष्णूनं साखळी बोटानं सोडली, ती सर्रकन आत गेली. आत काहीएक तुटलेलं नव्हतं.

त्यानं दोरा फडक्यानं पुसला. काळ्या सुतात एक लाल पदर पिळलेला होता. गाठ चपटी, कोष्ट्याची, ओढली तरी न सुटणारी. शेजारी पोरगी बसली होती, तिच्या पायात दृष्टीसाठी काळा दोरा होता. काळ्या सुतात एक लाल पदर, तीच गाठ. साडीच्या काठाचं उरलेलं सूत मांडीवर पिळून मनुबाई असा दोरा करायची. माहेरची विद्या.

काळा दोरा बांधतात तो नजर लागू नये म्हणून. कुणाची नजर, हे कळायला मष्णूला कुणा देवऋषाकडे जावं लागलं नाही. दोरा मुठीत घेऊन तो आत गेला. मनुबाई भाकरी थापत होती. त्यानं तिच्यासमोर मूठ उघडली.

तिनं बघितलं. "मीच बांधलाय," ती म्हणाली. "आवसंला."

"साखळीला? साखळीला कोन बांधतंय व्हय? ह्यो आत जाऊन बसला, त्यानंच पडला तुझा भाऊ."

तिचा हात थांबला. भाकरी काठवटीतच राहिली. तिला हे ठाऊक नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आणि मष्णूला, काय सांगावं, त्या क्षणी मोठं बरं वाटलं. त्याची नजर निर्दोष निघाली होती. बायकोचा दोरा गुन्हेगार. इतके दिवस छातीवर बसलेली धोंड उतरली आणि ती त्यानं उचलून सरळ तिच्या अंगावर टाकली.

"माझ्या नदरंच्या नावानं दोरं बांधतीस," तो म्हणाला, "आन् पाडलास तूच."

मनुबाईनं पिठाचे हात पदराला पुसले. आवाज तिनं चढवला नाही.

"हँडलालाच बांधणार हुतो. पर तुमी हँडलाकडं कुटं बघतासा? परसू आला की तुमची नदर त्या साखळीवर. जितं नदर पडती तितं बांधला. माझ्याकडं सुदीक कवा आसं बघितलं न्हाईसा."

मष्णूनं मूठ मिटली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिनं ती काढली. मग तिच्याच ध्यानात आलं आणि तिनं विचारलं, आतला दात तुटलाय असं तुम्ही म्हणत होतात, त्याचं काय? मष्णू दोरा बोटाला गुंडाळू लागला. तुटलाच नाही ना, असं तिनं परत विचारलं. तो नाही म्हणाला. आता दोघांच्याही पदरात एकेक धोंड होती. दोरा मी बांधला हे परसूला सांगू नका, एवढंच ती म्हणाली. चाकाचं काय करायचं ते मात्र तिनं सांगितलं नाही.

मष्णू दुकानात जाऊन दोन उलट्या सायकलींच्या मध्ये बसला. अजूनही काही बिघडलं नव्हतं. साधं चाक बसवलं असतं तर परसूनं आभारच मानले असते आणि मनुबाई जन्मात बोलली नसती. पण तेच त्याला नको झालं. ती बोलणार नव्हती, बघणार होती. आपण येळ्ळूरच्या चढावर खटका ओढणार आणि ती उंबऱ्यात बसून सुपातले खडे वेचणार. त्याला काही एकाएकी देवत्व आलं नव्हतं. हेवा होता तिथंच होता. फक्त त्या हेव्याला आता घरातच एक साक्षीदार होती, आणि तिच्यासमोर ते चाक फिरवायची त्याची छाती नव्हती.

त्यानं परसूचं चाक परसूच्याच सायकलीत घातलं. हबातलं खोबरेल रॉकेलनं धुऊन काढलं, मशिनचं तेल सोडलं, बोटानं तार छेडत ताण बसवला. खटका टिक् वाजला. किती गोड वाजायचा तो! मष्णूनं तो दहादा वाजवला.

दोन दिवसांनी परसू लंगडत आला. साध्या चाकाची सायकल न्यायला आला होता, आणि बघतो तर खटका, तार, साखळी, सगळं जागच्या जागी. त्यानं खटका ओढून बघितला, मागचं चाक उचलून पायडल फिरवलं.

"दाजी, दात तुटलाता न्हवं?"

"तुटला न्हवता. मी न बघताच बोललो," मष्णू म्हणाला. एवढं म्हणताना त्याला खाली बघावं लागलं. "दोरा गुतलाता आत."

"दोरा? कुणी बांधला?"

उंबऱ्यात मनुबाईचं सूप हलायचं थांबलं. मष्णूनं तिच्याकडे बघितलं नाही. कोण जाणे कुणीतरी, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण परसू शोधत बसला असता, गाठ बघितली असती, आणि कोष्ट्याच्या पोराला आपल्या बहिणीची गाठ कळली नसती असं थोडंच आहे.

"मी," मष्णू म्हणाला. "लोकांची नदर वाईट आसती. जागा चुकली माझी."

परसूनं सायकल भिंतीला टेकवली. त्याचे डोळे भरून आले, आणि गुडघा वाकत नव्हता तरी तो कसाबसा खाली वाकून मष्णूच्या पायांना हात लावू लागला. मष्णू मागे सरकला.

"गल्लीत समदी म्हनत्यात, तुजा दाजी जळतोय तुज्यावर," परसू म्हणाला. "मी म्हनलं, माजा दाजी तसला न्हाय."

मष्णूला आजवर पुष्कळ लागलं होतं, पण इतकं कुठल्याच शब्दानं लागलं नव्हतं. शिवी दिली असती तर सोसली असती.

परसूचं तेवढ्यावर भागलं नाही. तसाच दोरा परत बांधा म्हणाला, तुमच्याच हातानं, चांगल्या जागी. मनुबाई आत गेली आणि नवा दोरा पिळून घेऊन आली. काळ्या सुतात लाल पदर. तिनं तो नवऱ्याच्या हातात ठेवला. मष्णूला कोष्ट्याची गाठ येत नव्हती. त्यानं आपली साधी निरगाठ मारली, हँडलाच्या मध्यावर, खटक्याच्या तारेपासून चांगली चार बोटं लांब, आणि खटका तीनदा ओढून बघितला. ज्याची नजर त्यानंच दोरा बांधायचा, असा प्रकार शहापुरात आजवर झाला नसेल.

परसू निघाला. पुढे थोडा चढ होता, त्यानं या खेपेला, मष्णूनं निघताना सांगितलं तसा, पाय हलका करून खटका ओढला. मष्णू पाठ फिरवून पेटीतली हत्यारं उगाच वरखाली करू लागला.

"बघा की," मनुबाई उंबऱ्यातून म्हणाली. "आता दोरा हाय."

मष्णूनं वळून बघितलं. साखळी उन्हात चमकत आतबाहेर सरकत होती. जळायचं तितकं जळलंच, त्यात काही कमी झालं नाही. सायकल कपिलेश्वराच्या वळणाला लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की मनुबाई सायकलीकडे बघतच नाही. ती त्याच्याकडे बघत होती. सूप मांडीवर तसंच होतं, कपाळाला पीठ लागलेलं होतं. मष्णूनं सायकलीवरची नजर काढली आणि तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच बघत असल्यासारखा पुष्कळ वेळ बघत राहिला.

मनुबाईनं पदर सावरला आणि मान खाली घालून जोंधळे निवडायला लागली.

"आसं बघू नगा," ती म्हणाली. "माझ्या अंगावर दोरा न्हाय."